अपग्रेड व्हर्जन नव्या कॉम्प्युटरवर नेताना आधी फेरफार बघा

दिवाळीत नवा कॉम्प्युटर घेतलेलं गिऱ्हाईक जुनं डबडं रिक्षात घालून दुकानात आणतं आणि सांगतं, "दादा, ह्यातलं सगळं त्यात घाला. सगळं म्हणजे सगळं." फोटो, बिलं, टॅलीचा डेटा, लग्नपत्रिकांच्या फाइली यांचं काही वाटत नाही, अर्ध्या दिवसात त्या नव्या डिस्कवर जातात. घोडं अडतं ते पुढच्या वाक्यावर. "आणि ते विंडोज आम्ही पैसे देऊन अपग्रेड केलं होतं, तेपण घाला. परत कशाला विकत घ्यायचं?"

हे म्हणणं काही वेळा बरोबर असतं आणि काही वेळा साफ चूक. फरक कशाने पडतो हे सांगायला मी सातबाऱ्याचं उदाहरण देतो, कारण आमच्या भागात ते लगेच पटतं. जमीन घेताना नुसता आजचा उतारा बघून कोणी पैसे मोजत नाही. मागचे फेरफार काढतो, कोणाकडून कोणाकडे आली ते बघतो. मधला एक फेरफार गळाला की आजचं नावही डळमळीत. अपग्रेड व्हर्जनचं तसंच आहे. ती स्वस्तात मिळालेली पूर्ण वस्तू नसते. आधीच्या परवान्यावर चढवलेला तो एक फेरफार असतो. त्यामुळे अपग्रेड हलवता येईल का हे अपग्रेडच्या खोक्यावरून कळत नाही, ते खालच्या मूळ परवान्यावरून कळतं.

साखळी कागदावर मांडा

स्क्रू ड्रायव्हर किंवा पेन ड्राइव्ह हातात घेण्याआधी एक कोरा कागद घ्या. ज्या सॉफ्टवेअरची बदली करायची त्याची सुरुवातीपासूनची वंशावळ त्यावर लिहा. उदाहरणार्थ: २०१० साली लॅपटॉप, सोबत आलेलं विंडोज ७ होम. २०१२ च्या डिसेंबरात विंडोज ८ प्रोचं अपग्रेड, इंटरनेटवरून घेतलेलं. २०१५ मध्ये विंडोज १०, फुकट. प्रत्येक पायरीपुढे तीन गोष्टी लिहा: कुठून आलं (मशिनबरोबर, दुकानातून खोक्यात, ऑनलाइन), पावती किंवा 'की' (सॉफ्टवेअर चालू करायला टाकायची अक्षर-आकड्यांची ओळ) आहे का, आणि कोणत्या ईमेलवर नोंदलं. ही तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. कधीकाळी मुलाने नोंदवलेला ईमेल, मुलगा आता पुण्याला, पासवर्ड कोणालाच आठवत नाही. निम्मा वेळ तिथेच जातो.

लॅपटॉपच्या तळाला किंवा कॅबिनेटच्या बाजूला विंडोजचा स्टिकर असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. विंडोज ७ पर्यंतच्या मशिनवर पंचवीस अक्षरांची की त्या स्टिकरवरच असायची आणि हाताच्या घामाने पुसून जायची. विंडोज ८ पासून कंपन्या ती की मदरबोर्डच्या चिपमध्येच टाकू लागल्या, म्हणून नव्या लॅपटॉपवर की छापलेली सापडत नाही.

आता साखळीचं सर्वांत खालचं कडं कोणत्या जातीचं आहे ते शोधा. जाती मुख्यतः तीन. मशिनबरोबर आलेला तो ओईएम परवाना. त्याचं लग्न मदरबोर्डशी लागलेलं असतं. मशीन गेलं की तोही गेला. दुसरा रिटेल, म्हणजे वेगळा विकत घेतलेला. तो एका वेळी एकाच मशिनवर चालतो, पण जुन्यावरून काढून नव्यावर नेता येतो. तिसरा व्हॉल्यूम, कंपन्या आणि कॉलेजांसाठीचा. तो संस्थेचा असतो, नोकरी सोडताना तो घरी न्यायचा नसतो.

विंडोजमध्ये ही जात बघायची सोय आहे. स्टार्टवर कमांड प्रॉम्प्ट शोधा, त्यावर उजवं बटण दाबून अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि 'एसएलएमजीआर /डीएलआय' असं टाइप करा. अक्षरं अर्थातच इंग्रजी, आणि तिरक्या रेघेआधी एक जागा मोकळी. दोन-चार सेकंदांत छोटी खिडकी उघडते. त्यात 'चॅनल' या शब्दाच्या आधी ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम लिहिलेलं असतं आणि खाली कीची शेवटची पाच अक्षरं दिसतात.

इथे एक सापळा आहे आणि त्यात अनुभवी माणसंही पडतात. विंडोज ७ किंवा ८ वरून १० फुकट घेतलेल्या मशिनवर ही खिडकी 'रिटेल' म्हणते. गिऱ्हाईक खूश होतं. पण शेवटची पाच अक्षरं बघा. होमवर '८एचव्हीएक्स७' किंवा प्रोवर '३व्ही६६टी' अशी दिसली तर ती तुमची की नव्हे. ती जगभरातल्या लाखो मशिनना मायक्रोसॉफ्टने लावलेली सामाईक की आहे. खरा परवाना मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर तुमच्या हार्डवेअरच्या नावाने नोंदलेला असतो, आणि त्याची जात मूळ विंडोज ७ किंवा ८ ची जी होती तीच. खाली ओईएम, तर वर कितीही मजले चढवले तरी ओईएमच. अशा वेळी खिडकीपेक्षा तुमच्या कागदावरची वंशावळ जास्त खरी.

विंडोज: कोणतं हलतं, कोणतं नाही

सर्वांत जास्त दिसणारा प्रकार आधी घेऊ. लॅपटॉपबरोबर आलेलं विंडोज, त्यावर २९ जुलै २०१५ ते २९ जुलै २०१६ या वर्षातल्या योजनेत मिळालेलं विंडोज १०. यात हलवण्यासारखं काहीच नाही. ते अपग्रेड त्या मशिनच्या आयुष्यापुरतं होतं. नवा ब्रँडेड लॅपटॉप बहुतेक वेळा स्वतःचं विंडोज घेऊनच येतो, त्यामुळे तुमचं नुकसानही नाही. विषय संपला, डेटा हलवा आणि घरी जा.

दुसरा प्रकार: दुकानातून घेतलेलं विंडोज ७ किंवा ८ चं पूर्ण खोकं, नंतर त्याच मशिनवर विंडोज १०. पाया रिटेल असल्याने नेण्याचा हक्क वरच्या मजल्यालाही मिळतो. हक्क आहे, पण वाट अरुंद झाली आहे. जुन्या ७ आणि ८ च्या की टाकून नवं विंडोज चालू करण्याचा रस्ता मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केला. आता भरवसा फक्त डिजिटल लायसन्सवर, म्हणजे सर्व्हरवरच्या त्या नोंदीवर, तेही जुन्या मशिनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असेल तर.

म्हणून जुनं मशीन चालू आहे तोवरच हे करून घ्या. सेटिंग्जमध्ये अॅक्टिव्हेशनचं (परवाना खरा आहे याची कंपनीकडून होणाऱ्या खातरजमेचं) पान उघडा. तिथे 'डिजिटल लायसन्स तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं आहे' अशा अर्थाचं वाक्य दिसलं पाहिजे. नुसतं 'डिजिटल लायसन्सने अॅक्टिव्हेट' इतकंच असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करा आणि पान पुन्हा बघा. ही जोडणी २०१६ च्या अॅनिव्हर्सरी अपडेटपासून आली; त्याआधी थांबलेलं विंडोज १० असेल तर आधी अपडेट करावं लागेल. जुन्याचा मदरबोर्ड जळाल्यावर हे सुचून उपयोग नाही.

नव्या मशिनवर त्याच आवृत्तीचं विंडोज बसवा. होमचं लायसन्स प्रोवर लागत नाही आणि प्रोचं होमवर. मग त्याच अकाउंटने लॉगिन करा, अॅक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट दाबा आणि 'मी नुकतंच हार्डवेअर बदललं' हा पर्याय निवडा. तुमच्या जुन्या मशिनांची यादी येते. त्यातलं बरोबर मशीन निवडायचं, 'सध्या मी हेच वापरतो आहे' यावर खूण करायची आणि अॅक्टिव्हेट. यादीत सगळ्यांची नावं 'डेस्कटॉप' आणि पुढे वेडीवाकडी अक्षरं अशी असतात, म्हणून जुन्याचं नाव आधीच कागदावर लिहून घ्या. किती वेळा असं करता येईल यालाही मर्यादा आहे, तेव्हा गंमत म्हणून करून बघू नका.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने अपग्रेड व्हर्जनचा, आणि वाद सगळे इथेच. खोक्यावरच 'अपग्रेड' छापलेलं विंडोज ७, किंवा ३१ जानेवारी २०१३ पर्यंत सवलतीत मिळालेलं विंडोज ८ प्रो. अमेरिकेत त्याची किंमत ३९.९९ डॉलर होती, आपल्याकडे १,९९९ रुपये. इतकं स्वस्त का? कारण खालचा मजला तुमचा आधीच आहे असं धरलं होतं. करारात स्पष्ट आहे की अपग्रेड वापरायचं तर पात्र असलेला आधीचा परवाना हवा, आणि अपग्रेड झाल्यावर जुन्या कराराची जागा नवा करार घेतो. जुनं वेगळं वापरायचं नाही.

हे खोकं नव्या मशिनवर नेता येतं का? नेता येतं, पण तिथेही त्याला खाली पाया लागतो. समजा जुन्या लॅपटॉपवर मशिनबरोबर आलेलं होम होतं आणि त्यावर अपग्रेड खोक्यातलं विंडोज ७ प्रोफेशनल. त्या काळात तुम्ही दुसरा लॅपटॉप घेतला आणि त्याच्यासोबत पात्र होम आलं, तर जुन्यावरून प्रोफेशनल काढून नव्याच्या होमवर चढवणं नियमात बसत होतं. तेच खोकं घेऊन तुम्ही गल्लीत जोडून घेतलेल्या, डिस्क कोरी असलेल्या कॉम्प्युटरवर गेलात तर नाही. जुन्या लॅपटॉपचं होम ओईएम होतं, ते तिथेच राहिलं. नव्या घराला तळमजलाच नाही.

सॉफ्टवेअरने हे प्रत्येक पिढीत वेगळ्या पद्धतीने तपासलं. एक्सपीची अपग्रेड सीडी कोऱ्या डिस्कवर घालायला गेलं की मध्येच थांबून जुनी ९८ किंवा २००० ची सीडी मागायची. ती दाखवली की पुढे जायची. मला आजही ती पद्धत सर्वांत सरळ वाटते, कागद दाखवा आणि आत या. व्हिस्टाने ती बंद करून आधीचं विंडोज मशिनवर असण्याचीच अट घातली. विंडोज ७ आणि ८ कोऱ्या डिस्कवर बसतं, पण अॅक्टिव्हेशनला '०एक्ससी००४एफ०६१' हा कोड देतं. त्याचा अर्थ एवढाच की ही की फक्त अपग्रेडची आहे, नव्याने बसवण्याची नाही. की खोटी आहे असं समजून दुकानदाराशी भांडायला गेलेले लोक मी पाहिले आहेत.

हा कोड चुकवायच्या युक्त्या नेटवर ढिगाने आहेत: रजिस्ट्रीत एक आकडा बदला, किंवा दोनदा बसवा. ज्याच्याकडे खरोखर पात्र परवाना आहे आणि फक्त डिस्क कोरी झाली आहे, त्याला त्या उपयोगी पडल्या. पण अॅक्टिव्हेट झालं म्हणजे परवाना मिळाला, असं नव्हे. कुलूप उघडलं म्हणून घर आपलं होत नाही.

विंडोज स्टोअरमधून घेतलेलं होम ते प्रो अपग्रेड हा आजचा प्रकार. ते तुमच्या अकाउंटवर असतं. नव्या मशिनवर आधी होम रीतसर अॅक्टिव्हेट असू द्या, मग त्याच अकाउंटने वर सांगितलेला ट्रबलशूटर चालवा. जुन्या मशिनवर मग प्रो चालू ठेवायचं नाही.

जुन्यावरून की काढायची आज्ञा 'एसएलएमजीआर /यूपीके'. ती त्या मशिनवरची की पुसते, इतकंच. मायक्रोसॉफ्टला ती काही कळवत नाही. त्यामुळे परवाना सरेंडर केल्याच्या, म्हणजे कंपनीला परत केल्याच्या भ्रमात राहू नका. रिटेल की असेल तर ही आज्ञा द्या, डेटाची प्रत तपासा आणि मगच जुनी डिस्क फॉर्मॅट करा.

अनेक जण आणखी एक शॉर्टकट मारतात: जुन्या डिस्कची जशीच्या तशी क्लोन प्रत करून नव्या मशिनला लावायची. बऱ्याचदा ती सुरूही होते, मात्र कोपऱ्यात 'अॅक्टिव्हेट विंडोज' येतं, कारण मदरबोर्ड बदललेला असतो. रॅम, डिस्क, ग्राफिक्स कार्ड कितीही बदला, ओईएम परवाना टिकतो. मदरबोर्ड बिघडला म्हणून बदलला तरी टिकतो. पण चांगल्या मदरबोर्डच्या जागी वेगवान बोर्ड घातला की मायक्रोसॉफ्टच्या हिशेबी तो नवा कॉम्प्युटर. आणि क्लोन करा की काहीही करा, डिस्कवर बिटलॉकर (डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हातात घ्या. ती नसली तर परवान्याचा प्रश्नच उरत नाही, डेटाच उरत नाही.

ऑफिस: वर्ष बघून नियम ठरवा

ऑफिस २००७ पर्यंत अपग्रेड खोकी मिळायची. अशी सीडी नव्या मशिनवर घालताना जुन्या ऑफिसचा पुरावा मागितला जातो, म्हणून २००० किंवा २००३ ची जुनी सीडी फेकू नका. ती तुमच्या साखळीचं कडं आहे. २०१० पासून मायक्रोसॉफ्टने ऑफिसचं अपग्रेड विकणंच थांबवलं, त्यामुळे पुढची प्रत्येक प्रत स्वतःच्या पायावर उभी आहे.

२०१३ ची एक गोष्ट सांगण्यासारखी. त्या वर्षी आलेल्या ऑफिसच्या करारात रिटेल प्रतही ज्या मशिनवर बसली तिथेच कायमची, असा नियम होता. मशीन मेलं तर ऑफिसही मेलं. लोकांनी आरडाओरडा केला आणि ६ मार्च २०१३ ला मायक्रोसॉफ्टने माघार घेतली: नव्वद दिवसांतून एकदा दुसऱ्या मशिनवर नेता येईल, मशीन बिघडलं असेल तर त्याआधीही. एकदा विकत घ्यायच्या पुढच्या रिटेल ऑफिसनाही साधारण हाच नियम लागू आहे. पण लॅपटॉपबरोबर 'होम अँड स्टुडंट' फुकट आलं असेल तर ते रिटेल नव्हे. ते तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर दिसतं, त्यामुळे आपलं वाटतं, तरी हक्क त्या लॅपटॉपचा.

मायक्रोसॉफ्ट ३६५ भाड्याचं असल्याने त्यात हलवणं म्हणजे जुन्यावर साइन आउट, नव्यावर साइन इन. दोन मिनिटं.

टॅली: आधी सरेंडर, मग बाकी

आमच्याकडे येणाऱ्या कॉम्प्युटरपैकी व्यापाऱ्यांच्या मशिनवर खरी किमती वस्तू विंडोज नसते, टॅली असते. आणि तिथे अपग्रेडचा पेच वेगळ्या तऱ्हेने येतो.

टॅलीचा विकत घेतलेला परवाना कायमचा असतो. एका मशिनचा तो सिल्व्हर, नेटवर्कवर अनेकांचा तो गोल्ड. पण नवीन रिलीज मिळण्याचा हक्क टीएसएस नावाच्या वार्षिक वर्गणीवर चालतो. टीएसएस चालू असताना जितकी रिलीज आली ती तुमची, संपल्यानंतरची नाहीत. नोव्हेंबर २०२० मध्ये ईआरपी ९ च्या जागी टॅलीप्राइम आलं तेव्हा टीएसएस चालू असलेल्यांना ते वेगळे पैसे न देता मिळालं. म्हणजे टॅलीत प्रत्येक रिलीज हे एक छोटं अपग्रेड आणि टीएसएस हा त्याचा फेरफार.

एका किराणा व्यापाऱ्याचं टीएसएस दीड वर्षापूर्वी संपलेलं होतं. जुन्या मशिनवर ईआरपी ९ निवांत चालत होतं. नवा कॉम्प्युटर आला, भाच्याने उत्साहाने सर्वांत ताजं टॅलीप्राइम उतरवलं आणि टॅली एज्युकेशनल मोडमध्ये गेली. त्या मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ या तारखांचीच व्हाउचर पडतात. "मामा, लायसन्स गेलं," असा निरोप घेऊन भाचा आला. लायसन्स कुठेही गेलं नव्हतं, फक्त हक्क नसलेल्या रिलीजवर ते लागत नव्हतं. टीएसएस संपायच्या आधीचं रिलीज बसवलं, गाडी सुरू झाली.

बदलीचा क्रम असा ठेवा. जुन्या मशिनवर टॅली उघडून टीएसएसची अंतिम तारीख आणि रिलीज क्रमांक लिहून घ्या. प्राइममध्ये एफ१ च्या मदत मेनूत 'अबाउट'मध्ये ते दिसतं. सगळ्या कंपन्यांचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो दुसऱ्या जागी रिस्टोअर करून उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नसतो. अॅडमिनचा ईमेल आणि पासवर्ड चालतो ना ते तपासा. बरेचदा तो ईमेल नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो, आणि मग टॅलीच्या पार्टनरकडे (अधिकृत विक्रेत्याकडे) कागदपत्रं देऊन बदलून घ्यावा लागतो. सगळं हातात आल्यावर इंटरनेट चालू ठेवून लायसन्सच्या मेनूत सरेंडर करा. जुनी टॅली लगेच एज्युकेशनल होते, तेच बरोबर झाल्याचं लक्षण. आता नव्या मशिनवर हक्काचं रिलीज बसवा, सीरियल नंबर, अॅक्टिव्हेशन की आणि अॅडमिन ईमेल घालून अॅक्टिव्हेट करा. ईमेलवर अनलॉक की येते.

लोक उलटं करतात: जुनं फॉर्मॅट करून मोकळे होतात आणि सरेंडर राहून जातं. तरी रस्ता आहे, अॅडमिन ईमेलने रिअॅक्टिव्हेट करता येतं किंवा पार्टनरची मदत लागते. मात्र ते नेमकं जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या तारखेला करायची पाळी येते.

आणखी एक. डेटा नव्या रिलीजमध्ये एकदा बदलला की जुन्या रिलीजमध्ये तो उघडेलच असं समजू नका. म्हणून मूळ डेटाचं फोल्डर महिनाभर जसंच्या तसं बाजूला ठेवा.

डीटीपीवाल्यांचं लॉक आणि सीरियल

मराठी छपाईच्या धंद्यात अजूनही पेजमेकर, कोरल ही पानं मांडायची सॉफ्टवेअर आणि श्री-लिपी किंवा आयएसएम ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर यांवर जगणारे ऑपरेटर आहेत. पुण्याच्या मॉड्युलरची श्री-लिपी आणि सी-डॅकचं आयएसएम ही जुन्या काळी कॉम्प्युटरच्या मागे लावायच्या लॉकवर चालायची; हे छोटं लॉक लावलेलं असेल तरच सॉफ्टवेअर उघडायचं. कराराच्या दृष्टीने लॉकएवढं सोपं काही नाही: इकडून काढा, तिकडे लावा. परवाना खरोखर हातात धरता येतो. त्रास तांत्रिक आहे. जुनं लॉक पॅरलल पोर्टचं (जुन्या प्रिंटरच्या रुंद जोडणीचं) असेल तर नव्या मशिनला ते पोर्टच नसतं. बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल घेऊ नका; ती प्रिंटरसाठी असते, लॉक तिच्यातून सहसा ओळखलं जात नाही. पोर्टचं खरं कार्ड मदरबोर्डवर बसवून काही वेळा जमतं, तेही लॉकचा ड्रायव्हर नव्या विंडोजला चालला तर. शिवाय विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटी आहे आणि चौसष्ट बिटी विंडोजवर सोळा बिटी प्रोग्रॅम चालतच नाहीत. नव्वदच्या दशकातल्या काही सॉफ्टवेअरचा नुसता इन्स्टॉलरसुद्धा सोळा बिटी असतो. अशा वेळी कंपनीकडून यूएसबी लॉक आणि नवी आवृत्ती अपग्रेड दरात मिळते का ते विचारा. जुनं लॉक परत मागतील तर द्या, तोच तुमचा पुरावा आहे. हरवलेल्या लॉकला मात्र कंपन्या सहसा हरवलेला परवानाच मानतात, म्हणून मशीन कुरियरने पाठवताना लॉक काढून खिशात ठेवा.

अॅडोबीचं पेजमेकर ७ (२००१) नुसत्या सीरियल नंबरवर चालतं. त्यानंतर फोटोशॉप सीएसपासून (सीएस म्हणजे अॅडोबीची 'क्रिएटिव्ह सूट' मालिका) अॅक्टिव्हेशन आलं. सीएस६ पर्यंतची अपग्रेड प्रत असेल तर नव्या मशिनवर ती अपग्रेडच्या सीरियलबरोबर आधीच्या पात्र आवृत्तीचं सीरियलही मागते. म्हणजे सीएस६ ची पावती सापडली आणि सीएस४ चं खोकं रद्दीत गेलं, तर गाडी तिथेच थांबते. एक परवाना दोन मशिनवर अॅक्टिव्हेट होतो, म्हणून जुन्यावर मदत मेनूतून 'डिअॅक्टिव्हेट' करूनच अनइन्स्टॉल करा. नुसतं अनइन्स्टॉल केलं तर ती जागा अडलेलीच राहू शकते. सीएस२ चे अॅक्टिव्हेशन सर्व्हर तर अॅडोबीने बंदच केले आणि जानेवारी २०१३ मध्ये जुन्या गिऱ्हाइकांसाठी वेगळं सीरियल दिलं. "अॅडोबी फुकट झालं" ही अफवा तेव्हापासूनची. फुकट झालं नव्हतं. ज्यांच्याकडे परवाना होता त्यांच्यासाठीच ती सोय होती.

जुनी प्रत विकू नका

अपग्रेड केल्यावर रिकामी झालेली जुनी सीडी कोणाला तरी देऊन टाकावीशी वाटते. भाच्याला ऑफिस २००३ द्या, त्याला कुठे नवं लागतं? पण ती सीडी आता स्वतंत्र राहिलेली नाही, ती तुमच्या अपग्रेडच्या पायात गेली आहे. अमेरिकेत नेमक्या याच मुद्द्यावर खटला झाला. सिअॅटलच्या एका आर्किटेक्ट फर्मने २००० साली इमारतींचे आराखडे काढायच्या ऑटोकॅड या सॉफ्टवेअरच्या रिलीज १४ च्या दहा परवान्यांचं प्रत्येकी ४९५ डॉलर देऊन ऑटोकॅड २००० मध्ये अपग्रेड केलं. करारानुसार रिलीज १४ नष्ट करायचं होतं. त्यांनी नंतर त्यातल्या प्रती टिमोथी व्हर्नर यांना विकल्या आणि व्हर्नर यांनी त्या ईबेवर लावल्या. खालच्या कोर्टाने व्हर्नर यांच्या बाजूने कौल दिला, पण १० सप्टेंबर २०१० रोजी नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तो फिरवला: फर्म त्या प्रतींची मालक नव्हतीच, तिच्याकडे फक्त वापरायची परवानगी होती, म्हणून विकायचा हक्कही नव्हता.

युरोपात हवा वेगळी आहे. सॉफ्टवेअर बनवणारी ओरॅकल आणि वापरलेले परवाने विकणारी युज्डसॉफ्ट यांच्यातल्या खटल्यात ३ जुलै २०१२ रोजी युरोपीय न्यायालयाने कायमचा परवाना पुढे विकायला मोकळीक दिली, मात्र विकणाऱ्याने स्वतःची प्रत निकामी केली पाहिजे आणि एका परवान्याचे तुकडे करून विकायचे नाहीत. जर्मनीत शिकायला गेलेल्या मुलांना वापरलेले परवाने दुकानात उघडपणे मिळतात ते त्यामुळे. ते मुलांच्या हाती इथे मागवलेत म्हणून तिथला नियम इथे लागू होत नाही.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यातल्या कलम ५२ प्रमाणे ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या आहे त्याला नुकसान टाळण्यासाठी बॅकअप प्रत काढता येते. म्हणजे सीडीची प्रत करून ठेवायला घाबरायचं कारण नाही. कलम ६३ब मात्र कडक आहे. बेकायदा प्रत जाणूनबुजून कॉम्प्युटरवर वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळून नुसता दंडही करू शकतं. बदली करताना दोन्ही मशिनवर एकच परवाना चालू ठेवण्याची सवय दुकानाच्या कॉम्प्युटरला महागात पडू शकते.

पाचशेची की

या सगळ्या कटकटीला कंटाळून लोक ऑनलाइन चारशे-पाचशे रुपयांत 'लाइफटाइम प्रो' की घेतात. घेऊन झाली असेल तर तीच 'डीएलआय'ची आज्ञा चालवा. 'चॅनल'च्या आधी व्हॉल्यूम एमएके (अनेक मशिनना चालणारी एकच की) दिसलं तर ती कुठल्या तरी संस्थेची की फोडून विकलेली आहे. संस्थेने ती बंद करवली की तुमचं विंडोजही बंद. केएमएस क्लायंट दिसलं तर ते १८० दिवसांसाठीच चालू असतं आणि दर सात दिवसांनी संस्थेचा सर्व्हर शोधत राहतं. घरच्या कॉम्प्युटरवर असा सर्व्हर सापडत असेल तर तो कोणीतरी गुपचूप बसवलेला आहे, आणि बँकेचं काम त्या मशिनवर करू नका.

शेवटी तो सुरुवातीचा कागद. बदली झाली की त्याच्या खाली नव्या मशिनचं नाव, तारीख, कीची शेवटची पाच अक्षरं आणि कोणत्या ईमेलवर नोंद आहे ते लिहा, आणि तो पावत्यांबरोबर एका पाकिटात घालून कॅबिनेटच्या आत, पॉवर सप्लायपासून दूर, चिकटवून टाका. आमच्या एका गिऱ्हाइकाने तो फ्रीजवर लावला होता. पुढच्या वेळी मशीन आणलं तेव्हा कागदावर दुधाचा हिशेब होता.